कीवर्डचे आकडे वाचायचे कसे? एका मराठी कॅलेंडर ॲपच्या निमित्ताने

स्टोअरमध्ये ॲप शोधताना लोक जे शब्द टाइप करतात ते कीवर्ड. त्यांचे आकडे दाखवणारं कुठलंही टूल उघडलं की चार-पाच रकाने समोर येतात: व्हॉल्यूम किंवा पॉप्युलॅरिटी, डिफिकल्टी, चान्स, केईआय, रँक. नवा माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. व्हॉल्यूमच्या रकान्यावर क्लिक करून यादी मोठ्याकडून लहानाकडे लावतो, वरचे दहा शब्द उचलतो आणि ॲपच्या नावात, वर्णनात कोंबतो. दोन महिने गेले तरी डाउनलोडचा आलेख जागचा हलत नाही. मग 'एएसओ (स्टोअरच्या शोधात ॲप वर आणायची खटपट) वगैरे काही नसतं, जाहिरातीला पैसे ओता' असा निष्कर्ष निघतो.

टूलमधले आकडे माणसं मोजत नाहीत. ते एका शब्दाची दुसऱ्या शब्दाशी तुलना करतात, तीही अंदाजाने. खरीखुरी मोजलेली माणसं फक्त तुमच्या स्वतःच्या कन्सोलमध्ये, म्हणजे स्टोअर ॲपवाल्याला देतं त्या खात्याच्या पानावर, दिसतात. दोन्हींतला हा फरक धरून ठेवला तर पुढचं सगळं सोपं आहे.

उदाहरणासाठी मराठी कॅलेंडर आणि पंचांगाचं ॲप घेऊ. लहान टीम, बेताचं बजेट, समोर जुनी आणि तगडी ॲप्स. शिवाय या विषयात आकड्यांच्या जवळपास सगळ्या गमती एका जागी सापडतात.

पहिली पायरी: जागा किती आहे ते बघून घ्या

शब्द शोधायला निघण्याआधी ते ठेवणार कुठे हे माहीत हवं, कारण दोन्ही दुकानांचे नियम वेगळे आहेत.

ॲपलच्या ॲप स्टोअरवर नावाला ३० अक्षरं, उपशीर्षकाला ३० अक्षरं आणि लोकांना न दिसणारा कीवर्डचा रकाना १०० अक्षरांचा. शोधाच्या दृष्टीने मुख्य जागा एवढीच. चार हजार अक्षरांचं लांबलचक वर्णन ॲपल शोधासाठी धरत नाही, त्यामुळे तिथे कीवर्ड पेरत बसणं म्हणजे फुकटची मेहनत. वर्णन वाचणाऱ्या माणसासाठी लिहा.

गूगल प्लेवर गुप्त रकाना नाही. शीर्षक ३० अक्षरं (२०२१ पर्यंत ५० होती, मग कापली), छोटं वर्णन ८० आणि मोठं वर्णन ४०००. इथे मात्र वर्णन शोधासाठी वाचलं जातं. भारतात बहुतांश फोन अँड्रॉइडचे असल्यामुळे मराठी ॲपवाल्याचं पहिलं काम इथेच.

देवनागरीत लिहिताना जागा वाटते त्यापेक्षा लवकर संपते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे संगणकाच्या हिशेबात सुटे मोजले जातात. 'पंचांग' आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, युनिकोडमध्ये तो सहा खुणांचा आहे. 'मराठी कॅलेंडर २०२६ पंचांग' या शीर्षकाच्या मोकळ्या जागांसकट २५ खुणा होतात. त्यापुढे 'आणि सण' जोडायला गेलात की ३२, म्हणजे मर्यादेबाहेर. नुसतं 'सण' जोडलं तर २८, बसतं. तेव्हा शीर्षक कागदावर ठरवू नका. कन्सोलमधल्या रकान्याशेजारचा आकडा बघत बघत लिहा.

दुसरी पायरी: टूल नंतर, आधी फोन

शब्दांची यादी टूलमधून सुरू केली की सगळ्यांकडे असते तीच यादी तुमच्याकडे येते. त्याआधी फोनवर प्ले स्टोअर उघडा, शोधाच्या चौकटीत 'मराठी' एवढंच टाइप करा आणि खाली काय सुचवलं जातं ते उतरवून घ्या. मग 'मराठी क', 'मराठी प', 'पंचा', 'तिथी', 'एकाद' असं एकेक अक्षर वाढवत जा. या सूचना लोकांच्या खऱ्या शोधांवरून बनतात. वरची सूचना खालच्यापेक्षा जास्त शोधली जाते असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण सूचना मुळात येते म्हणजे तो शब्द जिवंत आहे एवढं नक्की.

हेच सगळं रोमन लिपीत पुन्हा करा, कारण मराठी माणूस स्टोअरमध्ये मराठी शब्दही बऱ्याचदा इंग्रजी कीबोर्डवरच टाइप करतो. मग एका शब्दाची चार रूपं निघतात. कॅलेंडरच्या शेवटी कुणी 'ए-आर' लिहितो, कुणी 'ई-आर'. मुहूर्ताच्या शेवटी कुणी एक 'टी' लावतो, कुणी 'टी-एच'. संकष्टीत 'एच' कुठे घालायचा यावर तर एकाच घरात एकमत होणार नाही. हे सगळे वेगळे कीवर्ड म्हणून यादीत टाका. स्टोअर बऱ्याच चुका स्वतः दुरुस्त करून घेतं, पण सगळ्या नाही. कुठल्या दुरुस्त होतात ते शोधून बघितलं की कळतं: दोन्ही स्पेलिंगला निकाल तेच आले तर वेगळी जागा खर्च करायची गरज नाही.

तिसरा स्रोत म्हणजे प्रतिस्पर्धी ॲप्सची परीक्षणं. लोक तक्रार करताना मार्केटिंगची भाषा वापरत नाहीत. 'चंद्रोदयाची वेळ चुकीची दाखवते', 'सुट्ट्यांची यादी कुठे आहे', 'लग्नाच्या तारखा दिसत नाहीत' ही त्यांची भाषा. 'दिनदर्शिका' हा शब्द आपल्याला कितीही गोड वाटो, परीक्षणांत तो क्वचित भेटतो. 'लग्नाच्या तारखा' मात्र भेटतात. 'विवाह मुहूर्त' असं फक्त ॲपवालाच लिहितो.

गूगलच्या वेबवरच्या शोधाचे आकडे इथे आणू नका. 'आज संकष्टी चंद्रोदय किती वाजता' हे लोक वेबवर विचारतात, उत्तर वाचतात आणि निघून जातात. त्यासाठी स्टोअर उघडत नाहीत. जाहिरातदारांसाठीचा कीवर्ड प्लॅनर किंवा गूगल ट्रेंड्स हे त्या शोधाबद्दल सांगतात. ऋतूचा चढउतार बघायला ट्रेंड्स उपयोगी आहे, स्टोअरमधली मागणी मोजायला नाही.

एवढं केलं की पन्नासेक शब्दांची ओबडधोबड यादी हातात येते. आता टूल उघडा.

तिसरी पायरी: पॉप्युलॅरिटीचा आकडा

हा आकडा येतो कुठून? ॲपल स्वतःच्या जाहिरात सेवेत (आधी ॲपल सर्च ॲड्स, २०२५ पासून नुसतं ॲपल ॲड्स) प्रत्येक शब्दाची लोकप्रियता दाखवतं. बहुतेक टूल्समध्ये दिसणारा ५ ते १०० चा आकडा त्याच घराण्यातला असतो, किंवा त्याच्या आधाराने बांधलेला असतो. गूगल प्ले असा आकडा कुणालाच देत नाही. म्हणजे अँड्रॉइडसाठी टूल जो व्हॉल्यूम दाखवतं तो त्या कंपनीचा स्वतःचा अंदाज. एकाच शब्दाला दोन टूल्स दोन आकडे दाखवतात ते यामुळेच. गोंधळून जाऊ नका, एक टूल निवडा आणि तुलना त्याच्या आतच करा.

हा आकडा सीईटीच्या पर्सेंटाइलसारखा वाचावा. ९० आणि ४५ यांत दुपटीचा फरक नसतो. वरच्या टोकाला एकेका अंकामागे शोधांची संख्या झपाट्याने वाढते, म्हणून ६० चा शब्द ३० च्या शब्दापेक्षा दुप्पट नाही तर कित्येक पट शोधला जात असू शकतो. तेव्हा या आकड्यांची बेरीज करू नका, सरासरी काढू नका आणि 'आमच्या दहा कीवर्डचा एकूण व्हॉल्यूम ३८०' असं तर कुणाला सांगूच नका. असे अहवाल क्लायंटला पाठवणारे लोक आहेत.

आकडा देशाप्रमाणे बदलतो. टूलमध्ये देश 'भारत' निवडलाय ना, हे प्रत्येक वेळी तपासा. कित्येक टूल्स उघडताच अमेरिका दाखवतात आणि अर्धा दिवस चुकीच्या आकड्यांवर जातो. अमेरिका मुद्दाम बघायचीच असेल तर वेगळी यादी करा. तिथल्या मराठी माणसांनाही कॅलेंडर हवं असतं, पण सूर्योदय-चंद्रोदय त्यांच्या गावचा हवा असतो आणि एकादशी कधी कधी एक दिवस अलीकडे पडते. तुमचं ॲप फक्त मुंबईच्या वेळा दाखवत असेल तर तिथल्या कीवर्डच्या मागे लागून एक ताऱ्याची परीक्षणं ओढवून घेण्यात अर्थ नाही.

मराठी ॲपवाल्याला हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे देवनागरीतल्या बऱ्याच शब्दांपुढे ५ दिसतो. यादीच्या यादी पाचांची. हा ५ म्हणजे शून्य नव्हे, मोजपट्टीचा तळ आहे. 'याखाली आम्हाला दिसत नाही' एवढाच त्याचा अर्थ. साऱ्या देशाच्या शोधात एका भाषेतला शब्द तळाशी जाणारच. अशा शब्दांना दोन कसोट्या लावा. पहिली, फोनवर तो सुचवला जातो का. दुसरी, थोडे पैसे खर्च करायची तयारी असेल आणि आयफोनचं ॲप असेल, तर ॲपल ॲड्समध्ये तेच शब्द 'एक्झॅक्ट मॅच'वर (नेमका तोच शब्द शोधला तरच जाहिरात) लावा, बोली म्हणजे एका टॅपला द्यायची रक्कम लहान ठेवा आणि दोनेक आठवडे चालवा. जाहिरात किती वेळा दिसली हा आकडा खरा मोजलेला असतो. पाचाच्या तळाशी पडलेल्या दहा शब्दांतले कुठले दोन-तीन खरंच चालतात ते तिथे उघड होतं. डाउनलोड मिळाले तर बोनस समजा.

चौथी पायरी: डिफिकल्टी हाताने मोजा

डिफिकल्टी किंवा कॉम्पिटिशन म्हणजे त्या शब्दासाठी वरच्या निकालांत घुसणं किती कठीण. प्रत्येक टूलचं सूत्र वेगळं आणि झाकलेलं असतं, पण आत साधारण त्याच गोष्टी असतात: वरच्या दहा ॲप्सना रेटिंग किती, डाउनलोड किती, आणि तो शब्द त्यांच्या शीर्षकात आहे का. हे तुम्हालाही बघता येतं. पहिल्या वीस शब्दांसाठी तरी स्वतः बघाच, मग टूलचा आकडा किती मनावर घ्यायचा ते समजतं.

'मराठी पंचांग' शोधा. पहिले दहा निकाल घ्या आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: शीर्षकात 'मराठी' आणि 'पंचांग' दोन्ही आहेत का, रेटिंग देणारे शेकड्यात, हजारांत की लाखांत, शेवटचं अपडेट कधीचं, आणि ॲप खरंच मराठी पंचांगाचं आहे की हिंदी पंचांगाच्या ॲपने नुसता शब्द चिकटवलाय. प्ले स्टोअरचे निकाल तुमच्या आधीच्या वापराप्रमाणे बदलतात, म्हणून ब्राउझरमध्ये लॉग-इन न करता बघितलेलं बरं.

चौथ्या गोष्टीवर जरा थांबू. मराठी पंचांग अमान्त, म्हणजे महिना अमावास्येला संपतो. उत्तर हिंदुस्थानातलं पूर्णिमान्त. त्यामुळे कृष्ण पक्षात महिन्याचं नाव बदलतं. आपल्या श्रावणातल्या कृष्ण पक्षाला तिकडे भाद्रपद म्हणतात. हिंदी पंचांगाचं ॲप मराठी माणसाने उतरवलं तर त्याचा गोंधळ होतो आणि तो ते काढून टाकतो. पहिल्या दहांत अशी चार-पाच ॲप्स असतील, तर टूलने डिफिकल्टी ६० दाखवली तरी ती जागा दिसते तितकी पक्की नाही. टूल रेटिंग मोजतं, ते ॲप शोधणाऱ्याच्या कामाचं आहे का हे त्याला कळत नाही.

उलटही होतं. डिफिकल्टी १५ दिसते, आपण खूश होतो आणि निकाल उघडल्यावर कळतं की तिथे एकही कॅलेंडर नाही, सगळी आरतीसंग्रहाची ॲप्स आहेत. म्हणजे स्टोअरच्या मते तो शब्द शोधणाऱ्याला आरत्या हव्या असतात. तिथे तुम्ही वर आलात तरी लोक टॅप करणार नाहीत.

पाचवी पायरी: रिलेव्हन्स

पॉप्युलॅरिटी आणि डिफिकल्टीला टूल आकडे देतं. रिलेव्हन्सचा, म्हणजे शब्द तुमच्या ॲपशी किती जुळतो याचा, आकडा तुम्हाला स्वतः द्यायचा आहे, आणि माझ्या मते निम्मं काम हेच आहे. यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे ० ते ३ लिहा. हा शब्द टाइप करणाऱ्याला ॲप उघडल्यावर पहिल्या पडद्यावरच हवं ते मिळालं तर ३. दोन टॅपनंतर मिळालं तर २. कुठेतरी आत दडलेलं असेल तर १. नसेलच तर ० द्या आणि शब्द कापा, पॉप्युलॅरिटी कितीही असो.

आता मोहाचा शब्द घेऊ: 'कालनिर्णय'. हे १९७३ पासून निघणाऱ्या कॅलेंडरचं नाव. पण बऱ्याच घरांत भिंतीवरच्या कुठल्याही कॅलेंडरला तेच म्हणतात, त्यामुळे स्टोअरमध्येही ते टाइप होणारच. मग हे नाव आपल्या कीवर्डमध्ये टाकावं का? टाकू नये. दुसऱ्याचं व्यापारी नाव आपल्या ॲपच्या माहितीत घालायला ॲपलच्या परीक्षण-नियमांत (२.३.७) स्पष्ट मनाई आहे, आणि गूगल प्लेवरही अशा तक्रारीवरून ॲप उतरवलं जाऊ शकतं. नियम बाजूला ठेवले तरी हिशेब जमत नाही. ज्याला तेच कॅलेंडर हवंय तो तुमच्या ॲपवरून बोट पुढे सरकवतो. हजार वेळा दिसलात आणि कुणीच टॅप केलं नाही, असा आकडा तुमच्या खात्यात जमा होतो.

सहावी पायरी: निवड

आता यादी लावायची. टूलमधला 'केईआय' किंवा 'चान्स' हा रकाना पॉप्युलॅरिटी आणि डिफिकल्टी एकत्र करून काढलेला असतो. चाळणी म्हणून ठीक आहे, पण त्यात तुमचा रिलेव्हन्स नसतो आणि तुमच्या ॲपचं आजचं वजनही बहुधा नसतं. पन्नास हजार रेटिंगवाल्या ॲपला जो शब्द सोपा तो चाळीस रेटिंगवाल्याला सोपा नसतो.

खालचे आकडे केवळ गणितासाठी धरलेले आहेत. समजा नुसतं 'कॅलेंडर' महिन्याला एक लाख वेळा शोधलं जातं. तिथे फोनबरोबरच येणारी, कोट्यवधी डाउनलोडची ॲप्स बसलेली आहेत, तुम्ही १२० व्या क्रमांकावर. तिथवर कुणी येत नाही, मिळकत शून्य. 'मराठी पंचांग' महिन्याला तीन हजार वेळा शोधलं जातं, तुम्ही तिसरे. शंभरातल्या सहा जणांनी ॲप उतरवलं तरी महिन्याला १८०. तेहतीसपट छोटा शब्द, पण माणसं इथे मिळाली.

तिसरे की तेरावे, याने इतका फरक का पडतो? फोनचा पडदा लहान. आयफोनवर निकालाच्या कार्डात स्क्रीनशॉटही असतात, त्यामुळे एका वेळी एखाद-दुसरंच ॲप दिसतं आणि बऱ्याचदा सगळ्यात वर जाहिरात असते. ५५ वरून ३० वर आलात तर आलेख छान दिसतो, पण डाउनलोड वाढत नाहीत. ८ वरून ४ वर आलात तर वाढतात. म्हणून नव्या ॲपने प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारावा: इथे पहिल्या पाचांत यायची शक्यता दिसते का? नसेल तर शब्द पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवा.

निवडलेले शब्द तीन गटांत टाका. दोन-तीन मुख्य, जे नावात जातील. आठ-दहा मधले. आणि लांब शेपटीचे, तीन-चार शब्दांचे, ज्यांत व्हॉल्यूम नगण्य पण माणूस नेमका असतो: 'मराठी लग्न मुहूर्त २०२६', 'शाळा सुट्ट्या कॅलेंडर मराठी' असे.

सातवी पायरी: शब्द जागी बसवणं

ॲपलवर नाव, उपशीर्षक आणि कीवर्डचा रकाना यांतले शब्द स्टोअर आपणच एकमेकांशी जोडून बघतं. नावात 'मराठी कॅलेंडर' असेल आणि रकान्यात 'पंचांग', तर 'मराठी पंचांग' शोधणाऱ्यालाही तुम्ही दिसू शकता. म्हणून एकच शब्द दोनदा लिहू नका. रकान्यात स्वल्पविराम द्या, पण त्यापुढे मोकळी जागा सोडू नका. दहा शब्दांमागे नऊ मोकळ्या जागा म्हणजे एक चांगला शब्द वाया. 'ॲप', 'फ्री' किंवा आपल्या वर्गाचं नाव तिथे लिहायची गरज नसते. हे जोडणं एकाच भाषेच्या माहितीपुरतं चालतं. इंग्रजीच्या रकान्यातला शब्द हिंदीच्या रकान्यातल्या शब्दाशी जुळत नाही. भारताच्या स्टोअरला कुठल्या भाषांची माहिती लागू होते त्याची यादी ॲपलच्या मदतपानांवर असते, ती बघून ठरवा.

गूगल प्लेवर मराठीसाठी वेगळं स्टोअर-पान भरता येतं. भराच. मुख्य शब्द शीर्षकात, पुढचे छोट्या वर्णनात आणि बाकीचे मोठ्या वर्णनात वाक्यांतून येऊ द्या. 'पंचांग, मराठी पंचांग, पंचांग मराठी, आजचं पंचांग' अशी माळ लावली तर धोरणाचा भंग होतो, आणि वाचणाऱ्यालाही ती दिसते. शीर्षकात 'बेस्ट', 'नंबर १', 'फ्री' किंवा इमोजी चालत नाहीत.

आठवी पायरी: आता तुमचे स्वतःचे आकडे

बदल करण्याआधी आजची स्थिती उतरवून ठेवा: प्रत्येक निवडलेल्या शब्दाचा क्रमांक, शोधातून आलेले दर्शक आणि त्यांतले किती जणांनी ॲप उतरवलं. हे न करता केलेला बदल मोजता येत नाही.

प्ले कन्सोलमध्ये स्टोअर-पानाच्या कामगिरीत शोधातून आलेली माणसं वेगळी दिसतात आणि शोधशब्दांप्रमाणे विभागणीही मिळते. फार थोड्या वेळा आलेले शब्द 'इतर'मध्ये जातात. तरी हा तुमच्या हाती लागणारा सगळ्यात मोलाचा तक्ता आहे. तो आधी दोन भागांत कापा: ज्यांनी तुमच्या ॲपचं नावच टाइप केलं ते, आणि ज्यांनी सर्वसाधारण शब्द टाइप केला ते. नाव टाइप करणारा ठरवूनच आलेला असतो. एरवी त्याचा ऐंशी टक्क्यांचा रूपांतर-दर (आलेल्यांतले किती जण ॲप उतरवतात) बाकीच्यांचा वीस टक्क्यांचा दर झाकून टाकतो.

ॲपलकडे असा शब्दवार तक्ता नाही. ॲप ॲनालिटिक्समध्ये 'ॲप स्टोअर सर्च'मधून किती वेळा दिसलात, किती जण पानावर आले आणि किती डाउनलोड झाले एवढं मिळतं. शोधनिकालातल्या जाहिरातीतून आलेलेही त्यात मोडतात. म्हणजे कीवर्ड बदलले त्याच आठवड्यात जाहिरात सुरू केली असेल, तर वाढ कशामुळे झाली ते सांगता येणार नाही.

आता हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचा. क्रमांक वर गेला पण दिसण्याची संख्या वाढली नाही, तर शब्दाला मागणीच नाही. दिसणं वाढलं पण टॅप नाहीत, तर आयकॉन, नाव किंवा पहिले स्क्रीनशॉट त्या शोधाला उत्तर देत नाहीत. 'मुहूर्त' शोधणाऱ्याला पहिल्या चित्रात राशिभविष्य दिसत असेल. लोक पानावर आले पण ॲप उतरवलं नाही, तर परीक्षणं आणि रेटिंग बघा. उतरवलं आणि दोन दिवसांत काढलं, तर तो शब्द तुमचा नव्हता किंवा ॲपमध्येच काम बाकी आहे, आणि हे दुखणं कीवर्डने बरं होत नाही.

लहान आकड्यांपासून सांभाळून. या आठवड्यात ४० दर्शक आणि १२ डाउनलोड, म्हणजे ३० टक्के. पुढच्या आठवड्यात ४० आणि ८, म्हणजे २० टक्के. आलेखात घसरगुंडी दिसते, पण फरक चार माणसांचा आहे. महिन्याचे आकडे धरा.

सणांमुळे होणारी फसगत

'गेल्या वर्षी याच महिन्यात किती होते' ही तुलना सगळे करतात. आपल्या विषयात ती सपशेल चुकते. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आलाय. ऑगस्टची ऑगस्टशी तुलना केली तर 'गणपती', 'आरती', 'प्रतिष्ठापना मुहूर्त' यांचे आकडे आपटलेले दिसतील आणि सप्टेंबरमध्ये तुम्ही विनाकारण पाठ थोपटून घ्याल. तुलना तिथीने करा: चतुर्थीच्या आधीचे तीन आठवडे गेल्या वर्षीच्या त्याच तीन आठवड्यांशी. नुसत्या 'कॅलेंडर'ची लाट मात्र इंग्रजी वर्षाबरोबर येते, डिसेंबर-जानेवारीत. एकाच ॲपचे काही शब्द इंग्रजी वर्षाने चालतात आणि काही तिथीने. तक्त्यात त्यांचे रकाने वेगळे ठेवलेले बरे.

टूलमधली पॉप्युलॅरिटीही आजची असते, सणाच्या दिवसाची नाही. जूनमध्ये 'गणपती आरती' मलूल दिसते म्हणून तो शब्द कापू नका.

कधी बदलायचं

एका वेळी एकच जागा बदला. शीर्षक, वर्णन आणि स्क्रीनशॉट एकदम बदलले की कशाने काय झालं ते कळत नाही. प्ले स्टोअरवर वर्णन आणि चित्रांची दोन रूपं एकाच वेळी दाखवून चाचणी घेता येते. ॲपलवर अशी चाचणी चित्रांची आणि आयकॉनची होते, शब्दांची नाही. तिथे आधी-नंतर एवढाच मार्ग. बदलानंतर निदान तीन-चार आठवडे हात लावू नका. पहिल्या आठवड्यात क्रमांक वरखाली होतातच. तेव्हाच घाबरून जुना मजकूर परत टाकला तर काहीच शिकायला मिळत नाही.

ॲपलवर कीवर्डचा रकाना आणि नाव बदलायचं तर नवी आवृत्ती ॲपलच्या परीक्षणाला पाठवावी लागते. म्हणून शीर्षकात वर्ष घालत असाल तर '२०२६'चं '२०२७' करणारी आवृत्ती नोव्हेंबरमध्येच तयार ठेवा. डिसेंबरच्या अखेरीस सुट्ट्यांमुळे परीक्षणाला जास्त वेळ लागू शकतो. आणि पाठवण्याआधी ॲपमध्ये २०२७ चा डेटा खरंच भरलाय ना, हे बघून घ्या.